लोण्यासारखा बोल्ट

सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या त्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली, आणि पहिल्याच संध्याकाळी काकांनी माझ्या सूटकेसची चाकं काढली. मला न विचारता. मी खाली हॉकर सेंटरमध्ये जेवून वर आले, तर हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर माझी सूटकेस उताणी पडलेली, आणि शेजारी मांडी घालून बसलेले काका एकेका चाकात शिवणयंत्राचं तेल सोडत होते.

"फार ओरडत होती," ते म्हणाले. "लिफ्टपासून ऐकू येत होती मला."

मी तेव्हाही तापट होते, आताही आहे. परक्या माणसाने माझ्या सामानाला हात लावलेला मला खपत नाही. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी चाकं बसवली, सूटकेस उभी केली आणि एका बोटाने ढकलली. ती चकार शब्द न काढता दारापर्यंत गेली. मग काका माझ्याकडे बघत उभे राहिले. बघतच राहिले. शेवटी मी 'वा' म्हटलं, तेव्हा कुठे ते तेलाची बाटली घेऊन आत गेले.

या 'वा'ची गंमत मला पुढे कळली. काका घरातलं काहीही दुरुस्त करत आणि दाद मिळेपर्यंत जागचे हलत नसत. दाद मिळाली नाही, तर कामात काहीतरी राहून गेलं असणार असं समजून सगळं पुन्हा खोलत. स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण त्यांनी इतका घासला होता की बोट लावायच्या आत तो पुढे यायचा. फ्लॅट त्यांच्या मुलीचा, म्हणजे ताईंचा. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगितलं, "लगेच वा म्हणून टाकत जा. नाहीतर एक दिवस खणच उरायचा नाही."

ताई नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होत्या. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून घरी यायच्या, आणि पर्स खाली ठेवायच्या आधी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारायच्या. आज बाबांनी काय खोललंय, ते बघायला. आई गेल्यावर त्यांनी काकांना टांझानियाहून इथे आणलं होतं, आणि आणल्यापासून त्या काळजीतच होत्या. माणसाला राहायला घर देता येतं हो, पण हाताला काम कुठून द्यायचं, असं त्या मला म्हणायच्या.

काका मूळचे खडकीचे. वडील तिथल्या कारखान्यात कामाला. हे टूलमेकर झाले, ऐन तरुणपणी आफ्रिकेत गेले आणि अरुशा नावाच्या गावात एका बंदुकांच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी हयात काढली. मराठी खडकीचंच राहिलं, पण त्यात स्वाहिली शब्द मीठ-मिरचीसारखे पडत. मी घाईत मायक्रोवेव्हचं दार आपटलं की आतून आवाज यायचा, "पोले पोले!" म्हणजे हळू, सावकाश. महिनाभरात मला स्वाहिलीतला तेवढा एक शब्द पाठ झाला.

शेजारच्या चिनी आजींच्या लोखंडी गेटची गोष्ट सगळ्या मजल्याला माहीत होती. ते गेट उघडताना किंचाळायचं. काकांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी आजी भाजी आणायला गेल्या असताना त्यांनी बिजागऱ्यांना तेल दिलं, कडी कानसेने सरळ केली आणि दाद घ्यायला दारातच खुर्ची टाकून बसले. आजी आल्या, गेट उघडलं, आणि हातातली पिशवी खाली ठेवून कमरेवर हात ठेवले. "अंकल! व्हाय माय गेट नो साउंड? थीफ कम ऑल्सो आय डोन्ट नो लाह!" संध्याकाळी ताईंनी जाऊन माफी मागितली. काकांना मात्र माफी कशाबद्दल ते शेवटपर्यंत कळलं नाही. आठवडाभर ते आजींशी बोलले नाहीत, आणि आजी येता-जाता गेटकडे संशयाने बघत राहिल्या.

सिंगापुरात बंदुकीचा विषय काढायची सोय नाही. इथे माणूस रस्त्यावर थुंकायला घाबरतो, तिथे एमआरटीच्या मेट्रोत बसून रायफलच्या गप्पा कोण मारणार? काका मारायचे. ताईंनी दम भरल्यावर त्यांनी तोडगा काढला: घराबाहेर रायफलला 'वहिनी' म्हणायचं. एकदा आम्ही दोघं लिटल इंडियाला कढीपत्ता आणायला निघालो होतो. गाडीत काका रंगात येऊन मला सांगू लागले, "त्या वहिनीला मी पुढून कापली, मागून कापली, पण वरून बघशील तर ओरखडासुद्धा नाही." समोर बसलेल्या बाईंनी आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. त्या पुण्याच्या निघाल्या. त्यांची समजूत घालता घालता आमचं स्टेशन मागे गेलं.

त्यांचं काम नेमकं काय, ते त्यांनी मला एकदा जेवणाच्या टेबलावर चष्म्याचं घर आणि भेंडी घेऊन समजावलं होतं. मी भाजी चिरत होते.

"हे चष्म्याचं घर म्हणजे रिसीव्हर," काका म्हणाले. "रायफलचा पोलादी गाभा. पुढे नळी, मागे दस्ता, मधे हा. याच्यात बोल्ट सरकतो. मागे ओढला की खालून काडतूस वर येतं, पुढे ढकलला की काडतूस नळीत. कळलं? आता गिऱ्हाईक येतो. म्हणतो, मला जंगली रेडा थांबवायचाय, मला लांब काडतूस पाहिजे." त्यांनी माझ्या ढिगातली सगळ्यात लांब भेंडी उचलली आणि चष्म्याच्या घरात घालून दाखवली. ती अर्थातच मावली नाही.

"मग लांब घर विकत घ्यायचं," मी म्हटलं.

काकांनी भेंडी खाली ठेवली. माझी दया आल्यासारखं बघितलं. "ते कुणीही घेईल," ते म्हणाले. "लांब रिसीव्हर मिळतात, न मिळायला काय झालं? ठोकळे असतात. जुना, घोटलेला रिसीव्हर घ्यायचा आणि आतून जागा करायची. थोडी मागून, थोडी पुढून. पुढे एक उतार असतो, त्यावरून काडतूस चढून नळीत जातं. तो उतार कापायचा. पण त्या उताराच्या पलीकडच्या अंगाला बोल्टचा खालचा कान टेकलेला असतो. बोल्टला दोन कान, वर एक, खाली एक. गोळी सुटली की सगळा धक्का त्या दोन कानांवर. भिंत जाड ठेवली तर काडतूस अडखळतं. पातळ केली तर बोल्ट मागे येऊ शकतो."

"मागे म्हणजे कुठे?"

काकांनी आपल्या उजव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. मग भेंडी मला परत दिली.

हे असं सगळं करणारा माणूस डास मारत नसे. हॉलमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्यासमोर काका रोज पंचशील म्हणायचे आणि ते मनापासून म्हणायचे. डेंग्यूची साथ होती तेव्हा ताई हातात रॅकेट घेऊन फिरत आणि काका त्यांच्या पुढे पुढे धावत डासांना टॉवेलने खिडकीबाहेर घालवत. मी एकदा स्पष्टच विचारलं, "काका, डास नाही मारायचा आणि रेडे मारायच्या बंदुका करायच्या, हे कसं?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "मी एकाही जनावरावर गोळी झाडलेली नाही. पण ज्याच्यावर रेडा धावून येतो, त्याच्या हातातली वस्तू अडकता कामा नये." आतून ताई म्हणाल्या, "हे उत्तर त्यांनी आईलाही दिलं होतं. तिलाही पटलं नव्हतं."

त्यांनी केलेल्या रायफलींपैकी बहुतेक आता कुठे आहेत, ते त्यांना माहीत नव्हतं. काही विकल्या गेल्या, काही सरकारजमा झाल्या, काही मालकांबरोबर देशोधडीला लागल्या. एक मात्र ठाऊक होती, आणि तीच त्यांची सगळ्यात लाडकी होती. अरुशाच्या एका गाईडसाठी केलेली. पर्यटकांना जंगलातून पायी फिरवणाऱ्या गाईडला जवळ मोठी रायफल ठेवावी लागते, संकट आलंच तर म्हणून. तो म्हातारा गाईड वारला होता आणि आता त्याचा मुलगा तीच रायफल खांद्यावर घेऊन तेच काम करत होता. चाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप. सणावाराला काकांना व्हिडिओ कॉल करायचा. काका फोन हातात घेऊन हॉलभर फिरायचे आणि मला बोलावून दाखवायचे, "ही बघ. हिचा बोल्ट बघ." तिकडून तो हसत बोल्ट मागेपुढे करून दाखवायचा. मला त्यातलं काही कळत नसे, पण तो आवाज छान होता. मी 'वा' म्हणायचे, आणि या वेळी ते खरं असायचं.

एका रविवारी दुपारी त्याचा असाच कॉल आला. ताई घरी होत्या. त्यांचं बालपण अरुशातलं, त्यामुळे त्यांना स्वाहिली येत होती. साखरेच्या डब्याला फोन टेकवून आम्ही तिघं बसलो आणि ताई मला हळू आवाजात सांगत गेल्या.

"म्झे," तो म्हणाला. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे असं म्हणतात. "एक विचारायचं होतं. हल्ली सरावाला गोळी झाडली की बोल्ट उचलायला जड जातो. रिकामी असताना काही नाही, अगदी लोणी. उन्हामुळे असेल ना?"

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. त्याला रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायला लावली. मग बोल्टच्या दोन्ही कानांच्या मागच्या बाजूला कंदिलाची काजळी लावायला सांगितली, बोल्ट बंद करून उघडायला सांगितला, आणि कान कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितले. वरच्या कानाची काजळी पुसली गेली होती. खालच्या कानाला ती जशीच्या तशी होती. तो कान कुठे टेकतच नव्हता; सगळा धक्का वरच्या एकट्यावर येत होता.

"मी दोन्ही टेकवून दिले होते," काका मराठीत म्हणाले. ते आम्हाला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे. मग त्याला म्हणाले, ही रायफल आजपासून झाडायची नाही, मी उद्या फोन करतो. आणि कॉल बंद केला.

त्या दिवशी काकांनी आम्हाला जे सांगितलं, ते बहुधा त्यांनी कधी कुणाला सांगितलं नसावं. रिसीव्हर कापला तेव्हा भिंत पुरेशी जाड ठेवली होती. ती चूक नव्हती. पण दर वर्षी पावसाळा संपला की म्हातारा गाईड रायफल साफ करायला आणून द्यायचा. साफ करण्यासारखं काही नसायचंच. तरी काका वाइसच्या पकडीत रिसीव्हर धरून त्या उतारावरून पॉलिश पेपर फिरवायचे. काडतूस आणखी हळुवार चढावं म्हणून. केसभर, त्याहून कमी. म्हातारा यायचा, डोळे मिटून बोल्ट ओढायचा आणि म्हणायचा, सियागी. म्हणजे लोणी.

"त्या एका शब्दासाठी," काका म्हणाले. "गेल्या वर्षी लोणी म्हणाला होता, या वर्षी नाही म्हणाला तर काय, म्हणून मी घासायचो. इतकी वर्षं घासत आलो. भिंत पातळ होऊन धक्क्यांनी मागे दबली. आता तिथे किती उरलंय, मलाच माहीत नाही."

ताईंनी बाबांचा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून सरळ केली, हॉस्पिटलात करतात तशी. मला रडू आलं. आपलं सगळ्यात चांगलं काम आपणच थोडंथोडं करून खाऊन टाकलं, हे या वयात कळावं, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता; भिंतीला आत तडा गेलेला असू शकतो, हेही. तो ऐकून घेत होता, पण पटत नव्हतं त्याला. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. इतकी वर्षं काही झालं नाही. सीझन तोंडावर आलाय. कंपनी दुसरी रायफल देईल, पण ती परकी, हाताला सवय नसलेली. आणि ही बाबांची आहे. "म्झे, मी हलकी काडतुसं वापरीन. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की एक सीझन चालेल."

खरं सांगते, मला वाटलं काका म्हणतील. कुठे आहे ते ठाऊक असलेली, त्यांच्या हातची ती एकच वस्तू जगात होती. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ती राहिली असती.

"नाही चालणार," काका म्हणाले. "झाडायची नाही, एवढंच नाही. रिसीव्हर कापून टाक."

तो म्हणाला, न झाडता नुसती ठेवतो, बाबांची आठवण म्हणून. काका म्हणाले, "तू आठवण म्हणून ठेवशील. मग एखाद्या दिवशी कंपनीची रायफल बिघडेल, बाहेर पाहुणे खोळंबलेले असतील, आणि तू हीच उचलशील. मी ओळखतो तुला. तुझे वडील असेच होते. दस्ता ठेव, नळी ठेव. रिसीव्हर काप."

पुढचे काही आठवडे वाईट गेले. तो फोन उचलत नव्हता. काका रोज लावायचे. रागावून, समजावून, एकदा तर चक्क विनवणी करून त्यांनी निरोप रेकॉर्ड केले. घरातला एकही खण त्या दिवसांत त्यांनी खोलला नाही. चिनी आजींनी ताईंना अडवून विचारलं, "युअर फादर सिक आह? सो क्वाएट." शेवटी त्याच्या बायकोने एक निरोप ऐकला. तिने नवऱ्याला काय सांगितलं, ते आम्हाला कळलं नाही. पण परवान्याचे सोपस्कार झाले, आणि एका रविवारी पोलिसांच्या माणसासमोर रिसीव्हर कापायचं ठरलं. त्याने कॉल लावला तो एवढंच म्हणायला, की तुम्हाला बघायचं असेल तर बघा.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. समोर बसले. करवत लागली तेव्हा पोलादाचा जो आवाज आला, तो ऐकून मी उठून आत गेले. ताईही उठल्या. काका बसून राहिले. एकदा मात्र त्यांचा आवाज आला, "पोले पोले." पातं वाकडं जात होतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा दोन तुकडे झाले होते. त्याने एक तुकडा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला, कापलेली बाजू पुढे करून. ताईंनी त्याचं वाक्य मला सांगितलं नाही, पण ते इतकं सोपं होतं की त्याच्या चेहऱ्यावरून समजलं. तडा कुठे आहे?

तडा नव्हता. भिंत पातळ होती, फार पातळ, पण अख्खी होती. काकांनी डोळे बारीक करून तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून बघितला. "नाहीये," ते म्हणाले. त्याने तुकडा खाली ठेवला आणि कॉल बंद केला.

"बाबा," ताई म्हणाल्या, "तडा नव्हता. अजून कितीतरी वर्षं चालली असती कदाचित."

"कदाचित," काका म्हणाले. "तडा बघून कापायची म्हटलं तर कापायला तो पोरगा कुठे उरतो गं?"

त्यानंतर त्याने काकांशी बोलणं टाकलं. सणाला कॉल नाही, निरोपाला उत्तर नाही. मी त्या घरात आणखी वर्षभर होते. मग ऑफिसच्या सोयीसाठी सेरंगूनला आले. त्या वर्षभरात काकांनी त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही. रागावण्याचा त्याला हक्क आहे, एवढंच म्हणायचे.

घरून काम असायचं त्या दिवशी मी बघायचे. इथे अकरा वाजले की अरुशात सहा वाजतात. काका चहा करून टेबलावर ठेवायचे, चष्मा लावायचे, फोन उघडायचे आणि त्याच्या नावाखालची बारीक ओळ वाचायचे. लास्ट सीन टुडे.

कधीकधी तो पाहुण्यांना घेऊन आत जंगलात गेलेला असायचा, तिथे रेंज नसायची. मग ती ओळ कालच्यावर अडकून राहायची, परवावर अडकून राहायची. त्या दिवसांत काका चहा करायचे आणि तो टेबलावर तसाच गार व्हायचा. मीसुद्धा मीटिंग चालू असताना मधूनमधून त्यांच्याकडे बघायचे.

मग एखाद्या सकाळी ते फोन डोळ्यांजवळ नेत आणि मान वर न करता म्हणत, "उठला." आणि चहा प्यायचे.